कानफाट्या

माणसानं गर्व कशाचा करावा याला काही धरबंध असावा. कोणी घराण्याचा करतो, कोणी रूपाचा, कोणी पोरांच्या मार्कांचा. दाजींचा गर्व एका चहाच्या मगावर उभा होता, आणि तोही त्यांच्या टेबलावर कधीच न आलेल्या.

मग पांढरा, कंपनीच्या कुठल्याशा वर्धापनदिनाला वाटलेल्यांपैकी एक, आणि त्याचा कान तुटलेला, तुकडा आतच ठेवलेला. म्हणून त्याचं नाव कानफाट्या. कंपनी लिफ्टचे कंट्रोलर बनवायची. लिफ्टनं कुठल्या मजल्यावर थांबायचं, दार कधी उघडायचं, किती वेळ उघडं ठेवायचं, हे ठरवणारा प्रोग्राम ज्या लांबट खोलीत लिहिला जाई, तिथे कानफाट्याचा मुक्काम असे. नियम दाजींनीच घालून दिला होता. प्रोग्राम चालता चालता मेला, म्हणजे मध्येच बंद पडला, की तो कोणी लिहिलेल्या ओळीवर मेला ते बघायचं आणि कानफाट्या त्याच्या टेबलावर नेऊन ठेवायचा. पुढचा बकरा मिळेपर्यंत त्यानं आपली पेनं त्यात ठेवायची आणि येणाऱ्याजाणाऱ्यानं दात काढायचे. असल्या खेळानं माणसं सुधारतात असं दाजींचं ठाम मत होतं. माणसं सुधारली नाहीत, फक्त एकमेकांची मजा बघायला शिकली.

खोलीतल्या प्रत्येकाकडे कानफाट्या राहून आला होता. संकटाच्या वेळी दाबायच्या घंटीचा भाग लिहिणाऱ्या एक बाई होत्या, त्यांना सगळे घंटीवाल्या बाई म्हणत. त्यांच्याकडे तो इतक्यांदा आला की त्यांनी वैतागून त्यात माती भरून रोप लावलं. दाजींनी ते उपटायला लावलं. "शिक्षा आहे ती, बाग नाही," असं म्हणाले. स्वतः दाजींचं टेबल मात्र गंगेसारखं निर्मळ. नव्या माणसाची ओळख करून देताना ते सहज बोलल्यासारखं म्हणायचे, "हा मग इथे सगळ्यांना भेटलाय. माझी आणि त्याची मात्र नुसती तोंडओळख आहे." हसणारे हसायचे, कारण पगारवाढीचा कागद दाजींच्या सहीनं पुढे जायचा.

तर हे दाजी आधी दाजी नव्हते. आधी ते 'सर' होते. खोलीत सर्वांत जुने, प्रोग्रामचा गाभा त्यांच्या हातचा, आणि ज्या फायलीत तो गाभा होता तिच्या पहिल्याच ओळीत त्यांनी लिहून ठेवलं होतं: 'काळजीपूर्वक लिहिले आहे. हात लावू नये.' कोणी लावतही नसे. देवळातल्या मूर्तीला नसेल एवढं सोवळं त्या फायलीला होतं.

त्यांचं 'सर'पण घालवलं ते मेहुण्यानं. बायकोचा हा धाकटा भाऊ. घरात शेंडेफळ म्हणून त्याचं नाव बारक्या पडलं आणि पुढे तो दारात उभा राहिला तर उजेड अडेल एवढा वाढला, तरी नाव बदललं नाही. त्याची आधीची कंपनी बुडाली, तेव्हा बायकोनं दाजींच्या मागे लकडा लावला. "अहो, तुमच्या शब्दाला तिथे वजन आहे म्हणता ना? मग टाका की शब्द." वजनाचं नाव काढल्यावर दाजी फसले. बारक्याला घेतलं. पहिल्या दिवशी तो खोलीच्या दारात उभा राहिला आणि भरल्या खोलीत खणखणीत आवाजात म्हणाला, "दाजी, मी कुठे बसू?"

झालं. त्या दिवसापासून शिपायापासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळ्यांचे ते दाजी झाले. साहेब तोंडावर म्हणत, बाकीचे पाठीमागे. हा अपराध दाजींनी बारक्याला कधीच माफ केला नाही. सासरचं माणूस ऑफिसात घेणं म्हणजे स्वतःच्या हातानं स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणं, हे त्यांचं नवं सुभाषित तयार झालं.

आणि बारक्यानं तरी गप्प बसावं की नाही? महिना झाला नाही तर म्हणतो, "दाजी, आपण सॅनिटायझर का लावत नाही?"

आता हे प्रकरण काय, ते थोडक्यात सांगायला हवं. दाजींचा प्रोग्राम 'सी' नावाच्या जुन्या भाषेत होता. भाषा वेगवान, पण कोणाचीही जबाबदारी न घेणारी. मेमरी हवी असेल तर मागून घ्या, काम झालं की परत करा, विसरलात तर तुमचं तुम्ही निस्तरा. नवी माणसं आली की दाजी त्यावर एक ठरलेलं व्याख्यान देत. "मेमरी म्हणजे लॉजची खोली समजा. खोली घेतली, राहिलात, किल्ली परत दिलीत. संपलं. आता तुमच्याजवळ एक डुप्लिकेट किल्ली राहिली, आणि तुम्ही दुसऱ्या दिवशी परत त्या खोलीत शिरलात. तिथे आता दुसरं बिऱ्हाड आहे. तुम्ही जाऊन त्यांच्या गादीवर आपलं उष्टं ताट ठेवलंत. काय होईल?" मग जरा थांबून, चष्म्यावरून बघत, "माणसाला अक्कल असली की हे होत नाही," असा समारोप.

सॅनिटायझर म्हणजे या लॉजवर नेमलेला पहारेकरी. प्रोग्रामबरोबरच चालणारं एक हत्यार. सोडलेल्या खोलीत कोणी परत पाय टाकला की ते प्रोग्राम जागच्या जागी थांबवतं आणि तीन गोष्टी छापतं: आत्ता कोण शिरलं, ही खोली सोडली कोणी, आणि मुळात घेतली होती कोणी. फुकट मिळतं. प्रोग्राम सावकाश चालतो एवढीच तक्रार, पण ते विकायच्या मालात नसतं, तपासताना लावायचं असतं.

दाजी हसले होते. "सॅनिटायझर? हात धुवायचं औषध दवाखान्यात लागतं. माझे हात स्वच्छ आहेत."

"तसं नाही, दाजी. चूक कोणाकडूनही होते. हल्ली तर अशा भाषा आल्यात की खोली सोडल्यावर किल्ली वापरलीत तर प्रोग्राम तयारच होत नाही. ते राहू दे, पण निदान हे तरी—"

"पांगुळगाडा!" दाजी सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं म्हणाले. "ज्याला चालता येत नाही त्याला पांगुळगाडा. तुला हवा असेल तर घे बाबा. आमचे पाय शाबूत आहेत."

खोली हसली. बारक्याही हसला, कारण तो तसा गरीब स्वभावाचा. बैठक संपल्यावर त्यानं शिपायाला खुर्च्या लावायला मदत केली. हेसुद्धा दाजींना आवडलं नाही. इंजिनियरनं खुर्च्या उचलू नयेत.

बारक्याकडे काम होतं ते लिफ्टमधल्या छोट्या पडद्याचं. मजल्याचा आकडा, वरखाली जाणारा बाण, 'दरवाजापासून दूर राहा' वगैरे. सोपं काम. आणि गंमत अशी की तो आल्यापासून कानफाट्या त्याच्याकडेच जास्त यायला लागला. घंटीवाल्या बाई सुटल्या, बारक्या अडकला. दाजींना यात नवल वाटलं नाही. घरी जेवताना ते बायकोला रोजच्या बातमीसारखं सांगायचे, "तुझ्या भावानं आज परत दिवे लावले." बायको ताटात बघत जेवायची. एकदाच म्हणाली, "तो लहानपणी सायकलचा ब्रेक दहादा बघून मग बसायचा. असा निष्काळजी कसा झाला?" दाजी म्हणाले, "निष्काळजी होत नसतात, असतात."

मग ते हॉस्पिटलचं झालं.

एका नव्या हॉस्पिटलच्या सगळ्या लिफ्टचं काम कंपनीला मिळायचं होतं. चाचणीसाठी एक बसवली. हॉस्पिटलच्या प्रमुख डॉक्टरीणबाईंना घेऊन साहेब स्वतः गेले. बाई जरा मागे राहिल्या, दार मिटायला लागलं, तेव्हा साहेबांनी मोठ्या अदबीनं आपला बूट मध्ये घातला. दार उघडलं, बाई आत आल्या, लिफ्ट निघाली, आणि दोन मजल्यांच्या मध्ये पडद्यावर काहीतरी वेड्यावाकड्या रेघा उमटून जागच्या जागी थांबली. घंटी वाजेना. बाहेरून दार फाकवून दोघा वॉर्डबॉयनी साहेबांना काखेत धरून वर ओढलं, तेव्हा त्यांचा एक बूट आतच राहिला. डॉक्टरीणबाई शिडीवरून आल्या आणि एवढंच म्हणाल्या, "इथे माझे पेशंट जाणार आहेत, हे माहीत आहे ना तुम्हाला?"

प्रोग्राम मेला होता तो बारक्याच्या ओळीवर.

कानफाट्या त्याच्याच टेबलावर होता, त्यामुळे हलवण्याचेही कष्ट पडले नाहीत. साहेबांनी दाजींना आत बोलावलं. पायात नवे बूट होते.

"दाजी, तुमचा मेहुणा आहे म्हणून इतके दिवस गप्प बसलो. आता नाही. तुम्ही स्वतः बघा आणि मला सांगा. त्याचंच असेल, तर शुक्रवारी त्याचा हिशेब करून टाकतो. त्याचं नसेल, तर तसं सांगा. तुमचा शब्द मला पुरे."

तुमचा शब्द मला पुरे! दाजींना गुदगुल्या झाल्या. केबिनमधून बाहेर पडले ते न्यायाधीश होऊनच.

बारक्याची बायको गरोदर होती, दिवस भरत आले होते. मागच्या कंपनीनंतरचे घरी बसून काढलेले महिने त्यानं विसरायचे ठरवले होते, पण ते त्याला विसरले नव्हते. एरवी बडबड्या माणूस, आता पाण्याच्या कूलरपाशी नुसता पेला हातात धरून उभा राहायचा. दोन दिवसांनी, खोलीत कोणी नाही बघून तो दाजींच्या टेबलाशी आला.

"दाजी, एक विनंती आहे. तुम्ही स्वतः एकदा सॅनिटायझर लावून बघा. मागच्या खोलीत चाचणीचं दार आहे ना, त्याच्यावर. वरचं बटण दाबा, दार उघडलं की बंद व्हायला लागेल, तेव्हा मध्ये पाय घाला. बस, एवढंच."

"तू शिकवणार मला?"

"शिकवत नाही. तुम्हीच बघितलेलं बरं, म्हणून म्हणतो. मी बोलणं बरं दिसणार नाही."

यात काय होतं ते कोणत्याही शहाण्या माणसाला त्याच क्षणी कळलं असतं. दाजी शहाण्यांच्या पलीकडे गेलेले असल्यामुळे त्यांना कळलं नाही. त्यांनी घड्याळाकडे बघितलं आणि, "बघू," म्हणाले.

बघायचं त्यांच्या मनातही नव्हतं. बघायला लावलं ते घरच्या तोंडानं. संध्याकाळी बायकोनं भाजी चिरता चिरता विचारलं, "अहो, त्याचंच चुकलंय हे नक्की ना?"

"प्रोग्राम त्याच्या ओळीवर मेलाय. आणखी काय पाहिजे?"

"मला त्यातलं कळत नाही. पण बाळंतपण तोंडावर आलंय. नक्की असेल तर माझं काही म्हणणं नाही. नक्की आहे ना, एवढंच विचारते."

बायकोला आपल्या शब्दापुढे 'नक्की ना' विचारावंसं वाटावं, याचा दाजींना भयंकर राग आला. साहेबांना शब्द पुरतो, हिला पुरत नाही! "छापील कागद आणून दाखवतो तुला," ते म्हणाले. "त्याच्याच लाडक्या हत्याराचा."

गुरुवारी दुपारी सगळे जेवायला गेले, तेव्हा दाजी मागच्या खोलीत शिरले. तिथे लोखंडी चौकटीत बसवलेलं लिफ्टचं एक सुटं दार होतं, मागे नुसती भिंत. बाजूला बटणांची पाटी आणि एक कॉम्प्युटर. दाजींनी आयुष्यात प्रथमच तो पांगुळगाडा जोडला. जोडायला फार वेळही लागला नाही, याचा त्यांना थोडा अपमानच वाटला. मग बटण दाबलं. दार उघडलं. मिटायला लागलं, तेव्हा त्यांनी साहेबांइतक्याच अदबीनं बूट मध्ये घातला.

दार परत उघडलं आणि प्रोग्राम तिथल्या तिथे थांबला. पडद्यावर लाल अक्षरं आली. दाजी चष्मा सारखा करून पुढे वाकले. ओठांवर हसू तयार होतं.

सोडलेल्या मेमरीत कोण शिरलं: दाजींची फाइल. ती मेमरी सोडली कोणी: दाजींची फाइल. मुळात घेतली कोणी: दाजींची फाइल. बारक्याचं नाव औषधालाही नव्हतं.

त्यांनी परत चालवला. हत्यारं चुकतात. परत बूट घातला, परत तेच. तिसऱ्यांदा त्यांनी दुसरा पाय घातला, जणू डाव्या पायानं निकाल बदलणार होता.

मग नाइलाजानं त्यांनी आपली फाइल उघडली. कोणी बटण दाबलं की ती एक चिठ्ठी तयार करायची: अमुक मजल्यावर माणूस उभा आहे. लिफ्ट तिथे पोचली, दार उघडलं, की चिठ्ठीचं काम संपलं म्हणून तिची जागा परत करायची. इथवर ठीक. पण दार मिटताना कोणी पाय घातला, तर तीच फाइल 'दार पुन्हा उघडले' अशी नोंद करायला त्याच चिठ्ठीकडे परत जायची. मधल्या वेळात ती जागा दुसऱ्या कोणाला मिळालेली असायची. कधी पडद्याला, कधी घंटीला. दाजी त्यांच्या गादीवर उष्टं ताट ठेवून यायचे आणि त्या बिचाऱ्यांचा प्रोग्राम आपल्या अंथरुणावर पाठ टेकायला गेला की मरायचा. मेला तिथे पंचनामा व्हायचा. कानफाट्या तिथेच जायचा. दाजींच्या ओळीवर प्रोग्राम कधीच मेला नाही, कारण दाजींची ओळ काम करून केव्हाच पुढे गेलेली असायची.

दाजी फिरत्या खुर्चीत बसून राहिले. त्यांना घंटीवाल्या बाईंचं रोप आठवलं. ते उपटताना मुळाशी चिकटलेली माती टेबलावर पडली होती आणि बाईंनी ती हातानं गोळा केली होती. बाईंच्याही आधीचा एक पोरगेला इंजिनियर आठवला, जो कानफाट्याला कंटाळून नोकरी सोडून गेला आणि ज्याला निरोप देताना दाजींनी 'जरा लक्ष देऊन काम करत जा' असा आशीर्वाद दिला होता. घरात चोरी होत राहावी आणि प्रत्येक वेळी ज्याचा डबा फुटला त्यालाच चोर ठरवावं, असा हा न्याय होता. आणि न्याय लिहिणारा, चोर आणि चावडीवर बसणारा माणूस एकच.

वाटलं त्यांना वाईट. नाही असं नाही. दोनचार मिनिटं चांगलंच वाटलं. मग त्यांना वाईट वाटायचं कारण बदललं. उद्या हे सगळ्यांसमोर आलं तर कानफाट्या उचलून आणणारा पहिला हात कोणाचा असेल, याचा विचार सुरू झाला आणि बारक्याचा विषय मागे पडला.

दुरुस्ती एका ओळीची होती. चिठ्ठी परत करायची ओळ जरा खाली सरकवायची, दार पूर्ण मिटल्यानंतर. त्यांनी ती सरकवली. बदलाच्या नोंदीत लिहिलं, 'किरकोळ साफसफाई'. पुन्हा दार उघडलं, पाय घातला. लाल अक्षरं आली नाहीत. दार शहाण्यासारखं उघडलं आणि मिटलं. दाजींनी पांगुळगाडा काढून ठेवला, पडदा पुसला, आणि जेवायला गेले. तेव्हा भाजी गार झाली होती, याची त्यांनी कँटीनवाल्याकडे तक्रार केली.

शुक्रवारी साहेबांनी विचारलं, "बघितलंत?"

"बघितलं."

"मग? त्याचंच ना?"

दाजींनी आयुष्यात चोख शब्द वापरायची सवय ठेवली होती. ती इथे उपयोगी पडली. "प्रोग्राम त्याच्याच ओळीवर मेला," ते म्हणाले. यात एक अक्षर खोटं नव्हतं. खोटं बोलण्याइतकंही धैर्य या माणसात नव्हतं.

बारक्या आपलं टेबल आवरत होता तेव्हा दाजी मुद्दाम तिथून गेले, कारण न जाणं वाईट दिसलं असतं. बारक्यानं खोका खाली ठेवला.

"दाजी, तुम्ही बघितलंत का चालवून?"

इथे दाजींना एक फट होती. 'वेळ नाही झाला' म्हणाले असते तरी माणूस आळशी ठरला असता, नीच ठरला नसता. पण आपण काम न करता निकाल दिला असं मेहुण्यानं म्हणावं, हे त्यांच्या प्रतिष्ठेला परवडणारं नव्हतं.

"बघण्यासारखं काय होतं त्यात?" ते शेवटी म्हणाले.

बारक्यानं त्यांच्या तोंडाकडे बघितलं. मग मान हलवली. "बरं. नाही कळत कधीकधी," तो म्हणाला. जणू दाजींचीच समजूत घालत होता. पेनं काढून खिशात ठेवली आणि कानफाट्या उचलून खोक्यात टाकला. कोणी अडवलं नाही. दाजींना तर बरंच वाटलं.

त्यानंतर प्रोग्राम मेलाच नाही. आठवडे गेले, महिने गेले. हॉस्पिटलच्या लिफ्ट बसल्या, पाय घातले तरी चालू राहिल्या. "बघा," साहेब बैठकीत म्हणाले, "एक नासका आंबा काढला आणि पेटी वाचली." लोकांनी माना डोलावल्या. दाजींनीही डोलावली, आणि सर्वांत सावकाश डोलावली, म्हणजे दुःखानं डोलावल्यासारखी दिसावी. पुढे कोणी पुन्हा सॅनिटायझरचं नाव काढलं, तेव्हा ते म्हणाले, "हत्यारानं नाही, माणूस बदलल्यानं प्रश्न सुटला. पुरावा समोर आहे." हळूहळू हे त्यांना स्वतःलाही पटलं. चांगल्या झोपेसाठी माणसाला जेवढं पटावं लागतं, तेवढं पटतंच.

बारक्याला मुलगी झाली. पुढे त्याला दुसरीकडे नोकरीही लागली. दाजींची बायको अधूनमधून भावाकडे जायची. दाजींना कामं असायची.

एका रविवारी ती भाचीला बघून दुपारी परत आली. पर्स ठेवली, पाय धुतले, स्वयंपाकघरात गेली. दाजी वर्तमानपत्र वाचत होते. थोड्या वेळानं तिनं चहा आणून त्यांच्यासमोर ठेवला आणि आपला कप घेऊन समोर बसली.

दाजींनी न बघता हात पुढे केला. बोटं कानात अडकली आणि कानावर एक खडबडीत शीर लागली. तुटलेला कान जोडलेला होता. व्यवस्थित जोडलेला, कड घासून, पण जोड दिसत होता. पांढरा मग. वर कंपनीचं नाव.

"हा... हा कुठून आला?"

"बारक्यानं दिला. कान त्यानंच जोडला. म्हणाला, हा दाजींचा आहे, इतकी वर्षं चुकून दुसऱ्यांकडे जात होता."

दाजींनी मग खाली ठेवला. "काहीतरी बोलतो तो. मनात आकस धरून बसलाय. त्याला काय माहीत?"

"त्याला आधीच माहीत होतं. तुम्हाला चालवून बघा म्हणाला, त्याच्या आदल्या दिवशीच त्यानं ते बघितलं होतं. मी विचारलं, मग साहेबांना का नाही सांगितलंस? तर म्हणाला, ताई, तुझ्या नवऱ्याला सगळ्यांसमोर उघडं करून मी तुझ्या घरी कुठल्या तोंडानं जेवायला येणार होतो?" ती सावकाश बोलत होती. "त्याला वाटलं होतं, तुम्ही बघितलंच नाहीत. हट्टी आहेत, बघितलं नाही, कळलं नाही. तो त्यावर समाधानी होता."

"मग बरोबरच आहे ना! मला खरंच—"

"परवा त्या घंटीवाल्या बाई त्याला बाजारात भेटल्या. म्हणाल्या, तू गेलास त्या दिवसापासून प्रोग्राम एकदाही बंद पडला नाही बघ. त्याला चिडवायला म्हणाल्या असतील. तेव्हा त्याला कळलं." तिनं एक घोट घेतला. "आपोआप तर ते दुरुस्त होत नाही म्हणे. कोणीतरी करावं लागतं."

दाजींनी वर्तमानपत्राची घडी घातली. बाहेर कोणाच्या तरी दाराची बेल वाजत होती आणि कोणी उघडत नव्हतं.

"काय म्हणाला तो?" त्यांनी विचारलं.

"जास्त काही नाही. म्हणाला, दाजींना कळलं नसतं तर बरं झालं असतं."

ती उठली, आपला कप विसळला, पालथा घातला. भांडली नाही, रडली नाही. भांडली असती तर दाजींना उत्तरं देता आली असती, दोनतीन तर तयारच होती. दारातून वळून ती एवढंच म्हणाली, "प्या. गार होतोय."

त्यांनी प्यायला नाही. थोड्या वेळानं मग उचलून कट्ट्यावर, डब्यांच्या मागे, पार भिंतीला लावून ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा आला, तो त्यातच.